एका रेघेवरून दोनदा

तिनं हिऱ्याचं टोक रॉकेलमध्ये बुडवलं, कापडानं टिपलं आणि लाकडी पट्टी आरशावर दाबून धरली. टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरलेलं होतं. त्यावर पडलेल्या आरशात छताचा पंखा उलटा फिरत होता.

"वहिनी, सरळ कापा हं," दाराशी उभा असलेला सलूनवाला म्हणाला. "माझ्या गिऱ्हाइकांची तोंडं आधीच वाकडी असतात."

"सरळ करायचं काम तुमचं. मी फक्त दाखवते."

हिरा म्हणजे काच कापायची कलम. पितळी मूठ, टोकाला कणभर हिरा. तो नवऱ्याचा. सासूबाई येता-जाता म्हणत, माझा मुलगा हिरा आहे. त्यावर ती मनात म्हणायची, दुकानात हिरे दोन, धार एकाचीच शाबूत.

टेबलाखाली काचेच्या तुकड्यांच्या पेटीला लागून तिची निळी बॅग होती. ती तिनं आज सकाळीच भरली होती. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून नवरा परतला, त्याला वीस दिवस झाले होते. काल संध्याकाळी जेवताना त्यानं तिच्याकडे न बघता पाणी मागितलं. तो पुन्हा प्यायला, हे कळायला तिला तेवढं पुरलं. सकाळी तिनं माहेरी दादाला फोन केला: अकराला गाडी घेऊन ये. आता एकच गोष्ट बाकी होती. तो येईल, गळ्याला चिमटा घेईल आणि म्हणेल, गळ्याशपथ, ही शेवटची. तेवढं ऐकलं की निघायचं.

साडेदहाला तो आला. दाढी केलेली, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. त्यानं टेबलाखाली पाहिलं, मग तिच्याकडे.

"काल दुपारी मी प्यायलो," तो म्हणाला. "तू काचा पोचवायला गेली होतीस तेव्हा."

सलूनवाल्याला एकाएकी स्वतःच्या चपला बघाव्याशा वाटल्या.

तिनं हिरा खाली ठेवला नाही. नवऱ्याचा हात वर गेला, गळ्यापर्यंत पोचला आणि वरच्या बटणाशी थांबला.

"घाल ना शपथ," ती म्हणाली.

"नाही. तुला हिरा हातात दिला तेव्हा पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"एका रेघेवरून दोनदा फिरवायचा नाही."

"का?"

"काच भलतीकडेच फुटते. हिराही जातो."

"मी त्याच शपथेवरून सतरा वेळा फिरवला." त्यानं हात खाली घेतला. "केंद्रात फोन केलाय. बारापर्यंत या म्हणाले. दादा येतोच आहे, त्याच्या गाडीतून मी जातो."

"दादाचं तुला कुणी सांगितलं?"

"तू फोनवर हळू बोललीस की शेजारच्यांनाही ऐकू जातं."

सलूनवाला हसला आणि लगेच खोकला.

तिनं पट्टी आरशावर पुन्हा घट्ट धरली. मग म्हणाली, "पाठ फिरव."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती शिकत होती तेव्हाही तो असाच उभा राहायचा. रेघ डोळ्यांनी नाही, कानांनी तपासायची, असं म्हणायचा. आणि दरवेळी काहीतरी काढायचा: इथे थांबलीस, इथे दाबलंस. नऊ वर्षांत एकही रेघ त्याच्या कानातून निर्दोष सुटली नव्हती.

तिनं श्वास सोडला आणि हिरा ओढला. रेशीम फाटावं तसा बारीक, सलग आवाज आरशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

तिला वाटलं, तो चूक शोधतोय.

"गेली," तो म्हणाला. "माझीसुद्धा अशी कधी गेली नाही."

तिनं रेघ टेबलाच्या कडेवर आणली. दुसरी बाजू धरायला तो पुढे झाला, त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं आणि तो बाजूला सरला.

"तू धर रे," तो सलूनवाल्याला म्हणाला. "मला आज नाही जमणार."

हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिनं कडेवर दाब दिला. टक्. आरसा रेघेवर दुभंगला. कुठे कपचासुद्धा उडाला नाही.

बाहेर हॉर्न वाजला. दादानं आत डोकावून विचारलं, "सामान कुठाय?"

तिनं बॅग ओढून काढली, चेन उघडली आणि आपले कपडे खुर्चीवर उपडे केले. रिकामी बॅग झटकून तिनं नवऱ्याच्या हातात दिली.

"घरी जा, तुझे कपडे भर. दादा सोडेल."

तो बॅग घेऊन उभाच राहिला.

"पण बॅग माझी आहे," ती म्हणाली. "परत आणून द्यायची."

त्यानं मान हलवली. दारात जाऊन तो वळला. "आणि हिरा?"

"तो इथे लागतो."

गाडी निघाल्याचा आवाज आला. तिनं हिरा रॉकेलमध्ये बुडवला आणि सलूनवाल्याकडे पाहिलं.

"बोला. दुसरा आरसा किती बाय किती?"