गोठ्यावरची घुमटी

धाकटी लेक विल्मा लग्न होऊन ओहायोला गेली, त्याच वर्षी एल्डन व्हीलॉकची बायको मेरियन अंथरुणाला खिळली. तिच्या खिडकीतून गोठ्याचं छप्पर तेवढं दिसायचं. ती म्हणाली, "त्यावर लाकडी घुमटी बसव, आणि घुमटीवर फिरती तांब्याची गाय. वारा कुठला आहे ते तरी पडल्या पडल्या कळेल मला."

एल्डन रसेल सुताराच्या अंगणात गेला आणि तिथल्या एका कमरेएवढ्या घुमटीवर त्याने हात ठेवला.

"खुराडं नेतोयस का रे?" रसेल म्हणाला. "तुझं छप्पर साठ फूट लांब. वर ती काडेपेटीएवढी दिसेल. ही शेजारची, पुरुषभर उंचीची ने."

"केवढी राक्षसासारखी आहे ती! गाव हसेल."

"जमिनीवर सगळ्यांना तसंच वाटतं, येड्या. मग वर चढवली की माझ्या नावाने शंख करतात."

एल्डनने लहानच नेली, आणि तिच्या मापाची लहानशी तांब्याची गाय. शनिवारी दोन्ही छपरावर चढवून तो मेरियनजवळ आला. तिने बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण वर ते पाखरू बसलंय ना?"

तो तसाच रसेलकडे गेला. मोठी घुमटी विकली गेली होती आणि नवी करायला दहा दिवस लागणार होते.

दहाव्या दिवशी ती तिच्या मापाच्या मोठ्या गाईसकट चढली. मेरियनच्या रिकाम्या पलंगावर बसून एल्डनने पाहिलं. गाय शिंगांसकट स्पष्ट दिसत होती, वारा वायव्येचा होता. त्याला काहीच वाटलं नाही.

मेरियन व्हीलॉक दोन दिवस आधी, २६ ऑक्टोबरला सकाळी वारली होती.