हाताची वीज ऐकणारा डबा

मित्रांनो, रबरबँडनं बांधलेलं झाकण पाहून मला कुणाचा भाकरीचा डबा समजू नका. मी स्नायूंतली वीज टिपणारा एक म्हातारा डबा आहे. मूठ आवळली की हातात अगदी बारीक वीज खेळते. तीन चिकटपट्ट्या कातडीला लावल्या की मी ती पकडतो, वाढवतो आणि मोबाइलच्या पडद्यावर तिची रेघ दाखवतो.

मंजुषा मॅडमनी सुटे भाग मागवून मला आपल्या घरीच जोडलं. सोनपेठजवळच्या त्यांच्या शाळेत माझं पहिलं वर्ष थाटात गेलं. मुलं मुठी आवळायची, रेघ उसळायची, टाळ्या पडायच्या. पुढं मात्र कपाटात खडूच्या खोक्याखाली पडून राहिलो. पट्ट्या वाळल्या, एक वायर उंदरानं कुरतडली. त्यात मी मुळातच भित्रा. पंख्याची, ट्यूबलाइटची वीज न बोलावता माझ्यात शिरते आणि माझी बोबडी वळते.

मागच्या महिन्यात मॅडमनी वायर बदलली, नव्या पट्ट्या दिल्या आणि नववीतल्या राजनंदिनीनं मला घरी नेलं. तिचे वडील भारत ऊसतोडीला गेले असताना ट्रॉलीचं मागचं लोखंडी फाळकं त्यांच्या उजव्या हातावर पडलं होतं. ऑपरेशन झालं, परभणीच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, पण चार महिने झाले तरी बोटं हलत नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला जायचं होतं आणि भारत हटून बसले होते.

"मेल्या हाताला काय दाखवायचं? मी न्हाई येत."

"मग ह्या डब्याला तरी दाखवा, पप्पा. जीव असला तर रेघ उसळंल."

हे शिकायचं यंत्र आहे, डॉक्टर नाही, असं मॅडमनी तिला बजावलं होतं. मला जरा लागलं ते, पण खरं होतं. आणि आता त्या माणसाचं दवाखान्यात जाणं माझ्या रेघेवर येऊन ठेपलं.

पट्ट्या लागल्या आणि पडदाभर जाड, थरथरता पट्टा उमटला, सगळा बाहेरच्या विजेचा गोंगाट. मोबाइल चार्जरला लावलेला होता, तो तिनं काढला. गोंगाट थोडा कमी झाला, पण गेला नाही. तिनं नव्या पट्ट्या लावल्या, वायरी हलवून पाहिल्या. तेच! शेवटी तिनं पट्ट्या स्वतःच्या हाताला लावल्या. मूठ आवळली, रेघ उसळली. सोडली, गप्प झाली. पुन्हा वडलांच्या हाताला लावल्या, तर पुन्हा गोंगाट.

"बघितलंस? तुझ्यात हाय, माझ्यात न्हाई," म्हणत भारत वायरी काढायला लागले. त्यांच्या पत्नी केशरबाई पिठाच्या हातानंच पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अहो, मेलेला स्नायू गोंगाट करत नाही, तो गप्प असतो! पण मला तोंड कुठं आहे?

राजनंदिनीनं मॅडमना फोन लावला. "मॅडम, पप्पाच्या हातावर रेघ लय गजबजायलीय."

"गजबजतेय ना? मग पट्टी नीट टेकत नाही. हाताला काही लावलंय का?"

केशरबाईंचा चेहरा उतरला. त्या हाताला त्या रोज दोन वेळा करडीचं कोमट तेल चोळायच्या. "आज तर जास्तच चोळलं गं. म्हणलं, यंत्राला लवकर घावंल. माझ्याच हातानं घात केला का?"

"घात कशाचा, आई? तेलच तर हाय, धुतलं की पट्टी टेकंल."

मायलेकींनी साबणानं तो हात धुतला, कोरडा पुसला, नव्या पट्ट्या लावल्या. गोंगाट थांबला. रेघ सरळ, शांत झाली आणि मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. आता सबब सांगायला जागा उरली नव्हती.

"आवळा मूठ, पप्पा."

भारतच्या मानेच्या शिरा ताणल्या. बोटं हलली नाहीत, रेघही नाही. दुसऱ्यांदाही काही नाही. तिसऱ्यांदा रेघेवर मोहरीएवढा उंचवटा आला. मीच दचकलो. त्यांनी सोडलं, तो गेला. आवळलं, आला. पोरगी हुशार, तिनं त्यांना डावी मूठ आवळायला लावली. तेव्हा नाही आला. उजवी आवळली, आला!

भारतनी आणखी एकदा, स्वतःहून उजवी मूठ आवळून पाहिली. मग केशरबाईंना म्हणाले, "सकाळची गाडी किती वाजता हाय?"

तो हात पुन्हा कोयता धरेल का, हे मला माहीत नाही. ते डॉक्टर सांगतील. माझं मागणं एवढंच, मित्रांनो, की मला धुळीत टाकू नका, वायरी ओढू नका, पट्ट्या वाळू देऊ नका. आणि रेघ बिघडली तर आधी चार्जरला दोष द्या, पट्टीला द्या, खुशाल मला द्या. माणसाच्या हाताला सगळ्यात शेवटी.