चार बोटांची दुमड

मालिनीने लेकीचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा शिवला आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

वाढत्या अंगाचं म्हणजे काय, हे नागपुरात तिला कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. बारा वर्षांची पोर आज आहे तेवढीच उद्या राहणार आहे थोडीच? स्कर्टच्या खाली चार बोटं कापड आत दुमडायचं, हाताने पक्के टाके घालायचे आणि पोर उंच झाली की उसवून सोडायचं. मालिनीच्या वडिलांनी शिलाईच्या मशीनवर चार मुलं शिकवली, ती सगळी अशाच दुमडलेल्या कपड्यांत वाढली. पण इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमधल्या त्या नन्सच्या शाळेत सगळ्या मुली दुकानातला तयार स्कर्ट घालत. शाळेचं चौकडीचं कापडही तिथे मिळत होतं, घरी शिवायला बंदी नव्हती. मग दुकानातल्या त्या बोटभर दुमडीच्या स्कर्टकडे मालिनी कशाला बघते!

"आई, इट्स सो हेवी! पडद्यासारखा वाटतो," रुपालीने नाक मुरडलं.

"पडदा तर पडदा. वर्ष संपेपर्यंत माझी आठवण काढशील."

फेब्रुवारीत पोर ताडमाड वाढली. गुडघे दिसायला लागले, तशी मालिनी सुईदोरा घेऊन बसली. "आण इकडे, सोडून देते."

"नो वे! वरचं कापड फेड झालंय, आतलं डार्क आहे. खाली मोठी पट्टी दिसेल. एव्हरीबडी विल नो."

"काय कळेल?"

"दॅट यू मेड इट."

 मालिनीने सुईदोरा डब्यात ठेवला आणि ती पोळ्या लाटायला उठली. तिला लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. पण बारा वर्षांच्या मुलीशी कापडावरून काय भांडायचं?

त्या शाळेत महिन्यातून एकदा तपासणी असे. मुलींनी जमिनीवर गुडघे टेकायचे. स्कर्टचा काठ जमिनीला लागला तर ठीक, नाहीतर घरी चिठ्ठी. रुपाली कंबर खाली ओढून, वरून शर्ट सोडून निभावून नेत होती. मे महिन्यात मात्र आठ शाळांची वक्तृत्व स्पर्धा आली, तीही याच शाळेच्या हॉलमध्ये. शाळेतून रुपालीची निवड झाली होती. तीन महिने ती फ्रिजसमोर उभी राहून भाषण घोकत होती. घरात सगळ्यांना ते पाठ झालं होतं, फ्रिजलाही झालं असेल. स्टेजवर जाताना शर्ट खोचलेला आणि वर पट्टा, असा नियम होता. आता कंबर ओढणार कशी?

स्पर्धेच्या दिवशी पालकांच्या पाळीप्रमाणे मालिनी हॉलमागच्या किचनमध्ये कॉफी ओतत होती. "प्लीज, साडी नको," असं लेकीने बजावलं होतं, म्हणून तिने पँट आणि शर्ट घातला होता. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन मात्र तशीच होती. ती काढायची असते हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मागच्या खोलीत सिस्टर बर्नाडेट मुलींना गुडघे टेकायला सांगत होत्या. रुपालीचा स्कर्ट जमिनीपासून चांगला दोन बोटं वर राहिला.

"सॉरी, रुपाली. नियम सगळ्यांना सारखा. तुझ्याऐवजी दुसरी मुलगी बोलेल."

रुपालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दारातून मालिनीने ते पाहिलं आणि हातातला ट्रे तिथेच टेबलावर आदळला.

"सिस्टर, किती वेळ आहे?"

सिस्टरनी घड्याळ पाहिलं. "पंधरा मिनिटं."

मालिनी लेकीकडे वळली. "सोडू? पट्टी दिसेल. सगळ्यांना कळेल. नंतर मला बोलायचं नाही."

रुपालीने हॉलकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. बाहीने नाक पुसलं. "सोड, आई."

मालिनीने तिला खुर्चीवर उभं केलं, बांगडीची पिन काढली आणि टाके उसवायला घेतले. एकेक टाका असा घट्ट की स्वतःच्याच हाताला तिने मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. काठाला आधीच गोट घातलेला होता, त्यामुळे सुतं निघायची भीती नव्हती. घडीची रेघ मात्र हटेना. मग लेकीला किचनमध्ये नेऊन कॉफीच्या गरम टाकीवर तिने तो काठ दाबून दाबून सपाट केला. घडी मोडली, पण रंग तो रंगच. फिकट चौकडीखाली गडद, कोरी करकरीत चार बोटांची पट्टी.

रुपालीने गुडघे टेकले. स्कर्ट जमिनीवर ऐसपैस पसरला. सिस्टर बर्नाडेट वाकल्या, काठ बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, "जा."

ती पट्टी शेवटच्या रांगेतूनही दिसत होती. तिसऱ्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. रुपालीने ते ऐकलं. ती थांबली, माईकसमोर सरळ उभी राहिली, हॉल गप्प होईपर्यंत थांबली आणि मग बोलली. फ्रिजसमोर ती इतकी छान कधीच बोलली नव्हती. दारात उभी राहिलेली मालिनी ओठ हलवत तिच्याबरोबर प्रत्येक वाक्य म्हणत होती. निकालात आपल्या शाळेचं नाव पहिलं आलं, तेव्हा तिने एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की बांगड्या कोपरापर्यंत गेल्या.

फोटोवाला आला. त्याने रुपालीला उभं केलं, कॅमेऱ्यातून बघितलं आणि प्रेमाने म्हणाला, "ट्रॉफी जरा खाली धर बाळ, म्हणजे ती पट्टी झाकली जाईल."

रुपालीने ट्रॉफी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

"नो. फुल लेंथ, प्लीज. माय मॉम मेड इट." आणि मग साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीतून, "आई, ये ना इकडे!"

मालिनी जागची हलेना. हातात पुन्हा कॉफीचा जग, अंगात एप्रन, बाहीला उसवलेले दोरे चिकटलेले. अशी कशी जाणार? तिच्या हातातून कोणीतरी जग काढून घेतला. मागे सिस्टर बर्नाडेट उभ्या होत्या.

"जा," त्या म्हणाल्या. "कॉफी मी ओतते."