पायावरचं पाणी

"बाय, तू भर आदी. तुजं वय झालं," असं म्हणून गोजरानं आपला हंडा विहिरीच्या कठड्यावरून जरासा मागं सरकवला, आणि वेणूबाईचं डोकं सकाळीच तापलं.

म्हणजे आजही ही आपल्या आधी येऊन बसली. वर मोठेपणाही तीच घेणार.

"माजं वय नको काढू," वेणूबाई म्हणाली आणि पोहरा आत सोडला. खाली पाणी थोडंच होतं. पोहरा दगडावर आपटल्याचा आवाज आला. गोजरा गालातल्या गालात हसली असणार असं वेणूबाईनं मागं न बघताच ठरवून टाकलं. धाकट्या जावेच्या बाबतीत तिला अशा गोष्टी बघाव्या लागत नसत.

तिवरबेटावर गोड्या पाण्याची विहीर ही एवढीच. बाकी चारी बाजूंना खारं पाणी, तिवरांची झाडी आणि चिखल. चैत्रात तर घागरभर पाण्यासाठी बायका ताटकळत बसत. तरी पौर्णिमेच्या दिवशी प्रत्येक घर एक हंडा वेगळा काढून ठेवी. तो पाहुण्यांच्या पायांचा.

कारण पौर्णिमेला देवीची जत्रा. पनवेल, उरण, पार मुंबईहून माणसं येत. संध्याकाळच्या ओहोटीला खाडी उघडी पडली की चिखल तुडवत बेटावर यायचं. देवीची पालखी निघेपर्यंत भरती लागायची आणि वाट पाण्याखाली जायची. मग पहाटेच्या ओहोटीपर्यंत सुटका नाही. मुक्काम आलाच. तो कुणाकडे, यावरून भांडणं नकोत म्हणून जुन्या बायकांनी रीत पाडून ठेवली होती. जिच्या हंड्यातल्या पाण्यानं चिखलाचे पाय धुतले, तिच्या घरी पथारी. पाय एकदा धुतले की देवीनं सांगितलं तरी घर बदलायचं नाही.

मालतीबाई नव्या नवरीच्या चुड्यासकट पहिल्यांदा आल्या तेव्हा वेणूबाईनं त्यांचे पाय धुतले होते. तेव्हा त्या गिरगावात राहत. पुढे वाशीला ब्लॉक घेतला, यजमान बेलापूरच्या ऑफिसात लागले, मुलं मोठी झाली, पण मुक्काम चुकला नाही. "वेणूच्या गोधडीत झोप लागते तशी मला माझ्या गादीवर लागत नाही," असं त्या चारचौघांत म्हणत. हे वाक्य वेणूबाई वर्षभर पुरवून पुरवून वापरी.

तिच्याकडे तेवढंच होतं. बाकी सगळं गोजराकडे गेलेलं. बंदरासाठी पलीकडची भातशेती गेली तेव्हा जमिनीच्या खात्यामागे एक नोकरी मिळाली. भाऊ दोघे, खातं एक. वेणूबाईचा शिवराम अंगठेबहाद्दर, गोजराचा हिरामण सातवी पास. नोकरी हिरामणला, म्हणजे गोजराला. मग तिचं स्लॅबचं घर झालं. घरभरणीच्या दिवशी वेणूबाई डोकं दुखतं म्हणून पडून राहिली. तेव्हापासून तिनं त्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, भिंतीला भिंत असून.

आणि मागच्या जत्रेला तेवढंही गेलं. मालतीबाई चिखलातून दगडावर चढल्या, वेणूबाई डोक्यावरचा हंडा उतरवत होती, तेवढ्यात गोजरानं तांब्या रिकामा केला. पाणी पडलं ते पडलं. "आता गं काय करायचं वेणू, पाय तर धुतले गेले," असं म्हणून मालतीबाई हसल्या आणि स्लॅबच्या घरात गेल्या. वेणूबाईला ते हसणं वर्षभर पुरलं. जेवताना आठवायचं, घास फिरायचा.

यंदा तिनं गोधडी दोनदा धुतली. जमीन सारवली. गोजराही गप्प बसली नव्हती. शिमग्याला बांध पुरा झाला होता. बेटामागची टेकडी फोडायला डंपर जावेत म्हणून ठेकेदारानं खाडीत भराव टाकला होता, आणि त्याच्या कडेनं विजेचे खांब आले होते. आता काय, माणसं दुप्पट येणार असं सगळं बेट म्हणत होतं. गोजरानं एक खोली वाढवली, खाटा आणल्या, छताला पंखा लावला. पंखा कुणासाठी, हे वेणूबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी ती हंडा उचलायला लागली तेव्हा शिवराम जाळं विणत ओसरीवर होता.

"यंदा पानी कशाला नेतीस?" तो म्हणाला.

"पाय धुवाया. दुसरं कशाला?"

"बांदावरनं येनाऱ्याचे पाय मळतीन कशानं?"

वेणूबाईनं ते ऐकलं नाही. नवऱ्याचं ऐकायची तिला सवयच नव्हती.

उन्हं कलली. खाडी उघडी पडली. उतरणीच्या दगडांवर दोघी जावा आपापले हंडे घेऊन उभ्या राहिल्या, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. बाकीच्या बायका मागं. जुन्या वाटेवर कुणीच नव्हतं, नुसते खेकडे.

गाड्या बांधावरून आल्या. टेम्पो, रिक्षा, एक मिनीबससुद्धा. माणसं खरंच दुप्पट होती. उतरली ती वहाणा घातलेली, कोरडी ठणठणीत, आणि सरळ देवळाकडे चालू लागली. बायकांच्या हंड्यांकडे कुणी बघितलं नाही. एका पोरीनं आईला विचारलं, या बायका पाणी विकतात का.

मालतीबाई पांढऱ्या मॅटाडोरमधून उतरल्या. वेणूबाई पुढं झाली, गोजराही झाली. दोघींचे तांब्ये एकदम हंड्यात बुडाले.

"अगं, दोघीही आहात," मालतीबाई म्हणाल्या आणि दोघींचे हात धरले. "बरं झालं. यंदा मुक्काम नाही हं. गाडीच आणलीये. दर्शन घेतलं की निघायचं, उद्या धाकट्याचा पेपर आहे."

"पाय तरी..." वेणूबाई म्हणाली आणि खाली बघितलं. मालतीबाईंच्या चपलांना साधी धूळसुद्धा नव्हती.

"मंग घोटभर पानी तरी घ्या," गोजरा म्हणाली.

"नको गं. डॉक्टरांनी उकळलेलं सांगितलंय, बाटली आणलीये मी." त्यांनी पिशवीतून दोन खण काढले, एकाच रंगाचे, आणि दोघींच्या हातात एकेक ठेवला.

पालखी झाली. देवळापुढचे दिवे लागले तशा गाड्या एकामागून एक बांधावरून परत गेल्या. बायका पुटपुटत हंडे घेऊन घरी वळल्या. राहिल्या दोघीच, दगडांवर बसून.

गोजराच्या खाटाही रिकाम्या राहणार हे लक्षात आलं आणि वेणूबाईला बरं वाटलं. अगदी आतून, गूळ खाल्ल्यासारखं. तिनं ते लपवलंही नाही.

"मोठा टोप भरून भात घातलाय," गोजरा म्हणाली. ती वेणूबाईशी बोलत नव्हती, खाडीशी बोलत होती. "पंखा लावून बगितला पन नाय मी. म्हटलं पयला वारा पावन्यांना लागू दे."

तिचा आवाज फाटला होता. वेणूबाईनं त्या गुळाची चव अजून थोडा वेळ धरून ठेवायचा प्रयत्न केला. ती टिकेना. दोघींच्या हातात एकाच रंगाचे खण होते, आणि पुढच्या वर्षी कुणाचा हेवा करायचा हेच तिला कळेना.

ती उठली. लुगडं वर खोचलं आणि दगडांवरून खाली जुन्या वाटेवर उतरली.

"कुठं चाललीस गो बाय? भरती लागली."

चिखल पोटरीपर्यंत आला. थंड होता. थोडं पुढं जाऊन ती वळली, परत आली, आणि काळे झालेले पाय घेऊन गोजरापुढं दगडावर उभी राहिली.

"बगतीस काय? घाल पानी."

"तुजा हंडा हाय की भरलेला."

"माज्या पान्यानं धुतलं तर माज्याच घरी जावं लागंल."

गोजरानं पदरानं नाक पुसलं, तांब्या बुडवला आणि खाली बसली.

"आनि आयक," वेणूबाई म्हणाली. "मागल्या साली मालतीबाई निजली तीच खाट मना पायजे. दुसरी चालनार नाय."

"तीच देते." गोजरानं उजव्या पायावर पाणी ओतलं आणि बोटांच्या बेचक्यांतला चिखल हातानं काढायला लागली. काढता काढता म्हणाली, "तिला झोप नवती लागली त्या खाटंवर. रातभर वेणूची गोधडी, वेणूची गोधडी."

खरं की खोटं, वेणूबाईनं विचारलं नाही. तिनं दुसरा पाय पुढं केला.