फोटोखाली जोडलेले हात

मी एक जुना फोटो आहे. जुना म्हणजे तीन-चार वर्षांचा. पण पासपोर्ट फोटोचं आयुष्य तेवढंच असतं, मित्रांनो. भोकरच्या एका स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे दीपमालाला बसवून मला काढलं. फोटोवाला म्हणाला, "हसू नका, फॉर्म परत येतो." ती हसली नाही, म्हणून मी आजतागायत गंभीर आहे. माझी भावंडं परीक्षेच्या फॉर्मांवर आणि बँकेच्या पासबुकावर चिकटून बसली. मी एकटा उरलो. दीपमालाने मला मोबाईलच्या पारदर्शक कव्हरमध्ये सरकवलं. तिथून मला सगळं दिसतं आणि ऐकूही येतं.

दीपमाला नांदेडला लॅबचा कोर्स शिकली. तिचा हात इतका हलका, की सुई टोचून झाली तरी माणूस "कधी टोचता?" म्हणून विचारायचा. कोर्स संपला आणि ती गावी परतली. वर्ष सरलं. "शिकून घरीच हाय का गं पोरगी?" असं गल्लीतल्या बायका विचारायच्या. तिची आई साखराबाई "जागा निघंना माय" एवढंच म्हणायची आणि घरात येऊन उगाच भांडी आपटायची.

अखेर नांदेडच्या एका लॅबच्या मनस्विनी मॅडमनी व्हिडिओ कॉलवर तिची मुलाखत घेतली. ती त्यांना पसंत पडली. पण त्यांची एक पद्धत होती. उमेदवाराचा फोटो त्याच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लावायच्या. ओळखीच्या चार लोकांनी खाली "चांगली मुलगी आहे" असं लिहिलं, की जागा पक्की. लॅबचे मॅनेजर रेणुकादास त्या ग्रुपमध्ये होतेच.

दीपमालाही त्या ग्रुपमध्ये होती, पण तिथे मुली काही लिहीत नाहीत. म्हणून मामांनी, साहेबरावांनी, मला ग्रुपवर टाकायचं ठरलं. तिने मला कव्हरमधून काढून माझा मोबाईलवर फोटो घेतला, तो मामांना पाठवला आणि मला परत कव्हरमध्ये सरकवलं. माझी छाती फुगली. आपण आता कामाला लागलो, असं वाटलं.

मामा एका बोटाने टाइप करतात. सकाळी त्यांनी आधी मला पाठवलं आणि मग माहिती लिहीत बसले. त्या ग्रुपवर नुसता फोटो आला, की कुणीतरी गेलं असं लोक धरूनच चालतात. मामांची माहिती पोहोचायच्या आत कुणीतरी लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." मग काय, एकाने केलं की दुसऱ्याने. जोडलेले हात, फुलं, पुन्हा हात. "फार गुणी मुलगी होती," असं एका गुरुजींनी लिहिलं. तिच्याशी कधी न बोललेल्यांनीही तिची स्तुती केली. मामांची माहिती त्या गर्दीत बुडाली आणि मामा फोन खिशात टाकून बाजाराला गेले.

मायलेकी दिवसभर शेतात होत्या. तिथे रेंज नाही. संध्याकाळी घरी आल्यावर फोन वाजायचा थांबेना. साखराबाईला वाचता येत नाही. तिने फोन हातात घेतला आणि तिचा चेहरा उजळला.

"बग की गं, किती लोकांनी हात जोडलेत. फुलंबी टाकलीत. झालं तुझं काम."

दीपमालाने वाचलं. आईकडे पाहिलं. "हाव," एवढंच म्हणाली. आई लगेच वाटीत साखर घेऊन शेजारी वाटायला गेली.

मग दीपमालाने रेणुकादासांना फोन लावला.

"ताई, आम्ही तर ग्रुपवर बघितलं. मीबी हात जोडले की," ते चाचरत म्हणाले. "मॅडम लई हळहळल्या. पण लॅब चालवावं लागतंय. दुपारीच दुसऱ्या मुलीला फोन केला. ती बिलोलीहून आली, कामाला लागलीबी. आता तिला माघारी कसं पाठवावं?"

"नका पाठवू," दीपमाला म्हणाली आणि फोन ठेवला. मग मोबाईल पालथा करून ती कव्हरमधल्या माझ्याकडे बघत बसली.

आई रिकामी वाटी घेऊन परत आली तेव्हा दीपमालाने तिला सगळं सांगितलं. साखराबाई मटकन खाली बसली. मग उठून मीठ-मिरच्या आणल्या, लेकीवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या.

"रडू नको. खोटं मरण आलं की आयुष्य वाढतंय म्हणत्यात. लई जगशील तू."

"लई जगून काय करू, आई? हितंच बसू?"

साखराबाई चुलीपुढे बसून राहिली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी एका बोटाने "पोरगी जिवंत हाय" असं ग्रुपवर लिहिलं, तेव्हा माफीनामे आले, काहींनी हसरे चेहरे टाकले. दुपारी सोयाबीनच्या भावाचा विषय निघाला आणि झालं. ज्यांनी गुणी म्हटलं होतं, त्यांच्यापैकी एकानेही कुठे जागा आहे का ते विचारलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मित्रांनो, मी कागदाचा तुकडा, मला लिहिता येत नाही. तुम्हाला येतं. कुणाचा फोटो समोर आला तर थोडं थांबा, खाली काय येतंय ते वाचा आणि मगच बोट उचला. आणि नांदेडला, लातूरला, उदगीरला कुठेही तुमच्या ओळखीची लॅब असेल तर तिथे एवढं सांगा: मुलीचं नाव दीपमाला. ती जिवंत आहे आणि तिला काम येतं.