शेवटचा गठ्ठा

आत्याच्या लाँड्रीत पावती नव्हती. धुतलेले कपडे बांधून फळीवर ठेवायचे आणि शनिवारी संध्याकाळी दारात उभं राहून एकेकाला पूर्ण नावानं हाक मारायची. बाकावरच्या माणसानं ओ द्यायची, गठ्ठा घ्यायचा आणि चालू लागायचं. चिठ्ठ्या लावू या म्हटलं, तर आत्या म्हणाली, "माणसं काय औषधाच्या बाटल्या आहेत?"

तिचे गुडघे गेले तेव्हा तिनं मला बजावलं, "एक शनिवार एकही हाक न चुकता पार पाड, किल्ली तुझी. नाहीतर दूधवाला कधीचा दुकान मागतोय." मला दुसरीकडे जायला जागा नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नावांच्या बाबतीत माझं डोकं म्हणजे गळकी बादली. पहिल्याच शनिवारी मी मास्तरांना न्हाव्याच्या नावानं हाक मारली. दोघांनीही महिनाभर तोंड फिरवलं. एवढ्याशा गोष्टीवरून रुसणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत, पण किल्ली हवी होती.

मग मी चेहऱ्यांचा नाद सोडला. माणसं चष्मे बदलतात, मिशा काढतात. कपडा बिचारा आहे तसा राहतो. मास्तरांच्या खिशावर शाईचा डाग, सुईणबाईंच्या बाह्या सदा दुमडून चुरगळलेल्या. दुपारी वाफेनं डोळे जड व्हायचे आणि मी इस्त्रीपाशी उभ्या उभ्या पेंगायचे. तेव्हा दोरीवरचे कपडे वाऱ्यानं फुगून खाली उतरायचे आणि बाकावर येऊन बसायचे. कुणालाच चेहरा नसायचा. मी हाका मारायचे, ते ओ द्यायचे, आणि एकही चुकायची नाही. हळूहळू जागेपणीही तसंच होऊ लागलं. हात कापडाला लागला की नाव ओठांवर यायचं.

त्या शनिवारी सव्वीस हाका बिनचूक गेल्या. आत्या स्टुलावर बसली होती, किल्ली तिच्या मांडीवर. एकच गठ्ठा उरला होता. बोटांना विटका निळा शर्ट लागला, कोपरावर ठिगळ, हिरव्या दोऱ्याचे जाडजूड टाके. मी दारात गेले आणि सुतारकाकांचं पूर्ण नाव खणखणीत घेतलं.

बाकावरची कुजबुज थांबली.

सुतारकाका दोन महिन्यांपूर्वी गेले होते. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन काकूंजवळ बसून आले होते, त्यामुळे माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नव्हती. तो शर्ट कधी आला, कधी धुतला, काही आठवेना. हातांनी ओळखला, डोकं झोपलेलं होतं. काकू बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

"ओ," काकू म्हणाल्या.

त्या उठून आल्या आणि गठ्ठा छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"घरात मीच घालते हा," त्या म्हणाल्या. "वास जाईल म्हणून धुवायला टाकत नव्हते. या आठवड्यात टाकला एकदाचा."

"काकू, चुकून गेलं हो तोंडातून."

"जाऊ दे. मला वाईट वाटेल म्हणून माझ्यासमोर त्यांचं नावच कुणी घेत नाही. घरात कसं चिडीचूप झालंय."

"पुढच्या वेळी कुणाच्या नावानं हाक मारू?"

"अशीच मार," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मी आत्याकडे बघायचं टाळलं. "एक चुकली," मी म्हणाले.

"हाक मारलीस, ओ आली," आत्या म्हणाली. "आणखी काय असतं?" तिनं किल्ली इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. मला रडू आलं, आणि ते मी वाफेवर ढकललं.

आता तो शर्ट दर आठवड्याला येतो. बरेचदा कुणी घातलेलाही नसतो. विरलाय, म्हणून हातानंच धुते. टाके सुटले तेव्हा हिरवाच दोरा शोधून आणला. त्याचा गठ्ठा मी शेवटी ठेवते, दारात जाऊन काकांचं नाव घेते, आणि काकूंची ओ येईपर्यंत दिवा मालवत नाही.