डब्यावरची चौथी जागा

मित्रांनो, ज्या सकाळी काकांनी मला पहिल्यांदा पाणी घातले, त्याच सकाळी मला कळले की काकू आता येणार नाहीत. काका चहाचे पातेले भरभरून ओतत राहिले. पाणी डब्याखालून वाहू लागले, तेव्हा समोरच्या नर्सताईंनी त्यांचा हात धरला.

"काका, पुरे. बुडेल ती."

"दवाखान्यातून फोन आला होता," काका म्हणाले. "गेली ती."

मी लाल अंबाडी. काकूंनी मला गॅलरीत, तेलाच्या जुन्या डब्यात लावले. माझी पिवळी फुले एका दिवसात मिटत. मग आंबट, लाल बोंडे धरत. ती उकळून कोणी गरम पीत, कोणी गार.

आमच्या इमारतीत देशोदेशीची माणसे. तिसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर मला पाहून ओरडला, "अहो, ही तर आमची करकडे!"

"कसली करकडे? बिसाप म्हणतात हिला," खालचा शिंपी म्हणाला. "गाडी चालव तू!"

"भांडू नका रे," काकू हसल्या. "लाडक्या पोरीला चार नावं असायचीच."

त्यांनी पांढऱ्या रंगाने डब्यावर अंबाडी, करकडे, बिसाप अशी तिन्ही नावे लिहिली. नर्सताई नवीन राहायला आल्या, म्हणाल्या, "आमच्याकडे रोझेला." काकू म्हणाल्या, "उद्या लिहिते हं." चौथी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. पण तो उद्या काकूंना दवाखान्यात घेऊन गेला.

माझे आयुष्य एका हंगामाचे. म्हणून काकू बियांसाठी राखलेल्या बोंडांना लोकरीचा दोरा बांधत. ही गोष्ट काकांना ठाऊक नव्हती. भेटायला येणाऱ्यांना काकूंच्या हातचे काहीतरी द्यावे, म्हणून ते बोंडे तोडायला बसले. दोरा म्हणजे आधी तोडायची खूण, असे त्यांना वाटले. तीच त्यांनी आधी तोडली, मग बाकीचीही. लाल भाग सोलून घेतला आणि आतले कच्च्या बियांचे हिरवे गोळे कचऱ्यात टाकले.

शिंप्याने दोरे पाहिले. "काका, अहो काय केलंत! ही बियांची होती."

काका खालीच बसले. त्या दिवसापासून ना त्यांना चैन, ना मला.

भिंतीकडच्या फांदीवर एक बोंड नजरेतून सुटले होते. ते नर्सताईंना सापडले. मग काका दिवसातून दहा वेळा गॅलरीत येत, बोंड चाचपून बघत.

"काका, हात लावू नका! गळून पडेल," नर्सताई ओरडत.

"बघतोय फक्त."

"बोटांनी बघता होय?"

वारा सुटला की मी त्या फांदीसाठी घाबरत असे. पाने गळाली, खोड लाकडासारखे झाले, पण बोंड टिकले. एका दुपारी ते तडकले. काकांनी तळहात खाली धरला होता.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी झाड सांभाळत असेल, तर दोरा कशाला बांधला आहे ते आजच विचारून घ्या.

काकूंच्या चष्म्याच्या डबीत एकोणीस बिया आहेत. काका रोज डबी उघडतात आणि मिटतात. रंगाचा ब्रश वाळून कडक झाला आहे. चौथे नाव अजून लिहिलेले नाही. बिया अजून पेरलेल्या नाहीत.